वाटी भरलेली, पक्षी उपाशी: चार बजींचं खाणं कमी पैशांत

पत्राचा सारांश: एका वाचकाकडे चार बजी (बजरीगर जातीचे छोटे पोपट) आहेत, दोन नर आणि दोन माद्या, वय अडीच ते चार वर्षं. घरातलं उत्पन्न कमी झाल्यामुळे खर्चाला कात्री लावावी लागते आहे. आजवर चौघांना बाजारातलं तयार मिश्र धान्य दिलं, महिन्याला साधारण दोन किलो. नुसतं धान्य म्हणजे बजींना विषच, असं कुणीतरी सांगितल्यावर त्यांनी पदरमोड करून महागड्या पेलेट्सची (दळलेलं पक्षिखाद्य दाबून केलेल्या गोळ्यांची) पिशवी आणली आणि एके दिवशी धान्य बंद करून टाकलं. पक्ष्यांनी पेलेट्सना तोंड लावलं नाही. एक मादी रोडावली, म्हणून घाबरून तिसऱ्या दिवशी पुन्हा धान्य सुरू केलं. घरचे म्हणतात, पूर्वी लोक नुसतं धान्यच घालत होते, काय बिघडत होतं? वाचकाचा प्रश्न असा: चांगलं खाणं परवडत नसेल, तर पक्षी दुसऱ्या कुणाला देऊन टाकणंच बरं का?

उत्तर:

तुमच्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा तुम्ही जाता जाता लिहून गेला आहात. महिन्याला दोन किलो धान्य.

एका बजीचं वजन साधारण तीस ते चाळीस ग्रॅम. तो दिवसाला सालासकट सहा ते आठ ग्रॅम धान्य खातो, म्हणजे दीड ते दोन सपाट चहाचे चमचे. चौघांचे होतात जास्तीत जास्त बत्तीस ग्रॅम, महिन्याचं एक किलोच्या आतबाहेर. मग तुमचं दुसरं किलो जातं कुठे? ते पिंजऱ्याच्या तळाशी सांडतं, फोलपटांबरोबर केरात जातं, आणि त्यातला काही भाग पक्ष्यांच्या अंगावर चरबी होऊन बसतो. तेव्हा परवडत नाही हे मान्य करण्याआधी आठवडाभर एवढंच करा: सकाळी घातलेलं धान्य मोजून लिहा, आणि रात्री वाटीत आणि तळाशी जे उरेल ते पाखडून त्यातलं अख्खं धान्य किती, तेही लिहा. पक्षी देऊन टाकायचा विचार निदान ही वही भरेपर्यंत बाजूला ठेवा.

पाखडायचं का, तेही सांगते. बजी दाणा अख्खा गिळत नाही. तो चोचीत धरून जिभेनं फिरवतो, साल सोलून खाली टाकतो आणि आतला गर तेवढा खातो. ते साल बहुतेक वेळा वाटीतच पडतं. चार-पाच तासांत वाटीवर फोलपटांचा थर साचतो आणि लांबून पाहणाऱ्याला वाटी काठोकाठ भरलेली दिसते. खाली धान्य असलं तरी बजी कोंबडीसारखा उकरत बसत नाही, त्यामुळे भरलेल्या वाटीपाशीही पक्षी उपाशी राहू शकतो. वाटी खिडकीशी न्या, पिंजऱ्याच्या बाहेर हलकी फुंकर मारा. फोलपटं उडतील आणि खरा ऐवज समोर येईल. हे दिवसातून दोनदा करायचं.

आता 'धान्य म्हणजे विष' या बोलण्याकडे. बजी मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या गवताळ भागातला, आणि गवताचं बी हेच तिथे त्याचं मुख्य अन्न. तेव्हा धान्य त्याच्या स्वभावाविरुद्ध नाही. फरक एवढाच, की रानातला बजी वेगवेगळ्या गवतांचं कोवळं, अर्धं पिकलेलं बीसुद्धा खातो, हिरवं खातो, आणि त्यासाठी दिवसभर थव्यानं उडतो. पिंजऱ्यातला तेच दोन-तीन प्रकारचे सुके दाणे खातो आणि बसून राहतो. नुसत्या सुक्या धान्यात अ जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि आयोडीन फार कमी असतं. 'पूर्वी काय बिघडत होतं?' याचं उत्तर इथेच आहे. अ जीवनसत्त्व कमी पडलं की नाक आणि श्वासनलिकेचं आतलं अस्तर बिघडतं आणि सर्दीसारखे संसर्ग पुन्हा पुन्हा होतात. आयोडीन कमी पडलं की गळ्यातली थायरॉइड ग्रंथी सुजते, श्वास घेताना बारीक टिकटिक किंवा शिट्टीसारखा आवाज येतो. चरबी जास्त झाली की यकृत बिघडतं आणि चोच वेडीवाकडी वाढू लागते. असा पक्षी चौथ्या-पाचव्या वर्षी जातो आणि घरचे म्हणतात, वयानं गेला. चांगली निगा असेल तर बजी आठ-दहा वर्षं जगू शकतो. तेव्हा घरचे अर्धे बरोबर आहेत आणि तुम्हाला विषाची भीती घालणाराही अर्धाच बरोबर. धान्य काढून टाकायचं नाही, त्याच्या जोडीला जे कमी पडतं ते द्यायचं. ते जे कमी पडतं, त्यातलं बरंचसं तुमच्या स्वयंपाकघरात आधीच येतं.

पण आधी धान्याचं बघू, कारण पैसा तिथेच मुरतो आहे.

पिशवीवर काय लिहिलंय ते पाहा. बरेच लोक बजींनाच लव्हबर्ड म्हणतात, आणि त्यामुळे लव्हबर्डसाठीची पिशवी घरी येते. तिच्यात सूर्यफूल आणि करडई भरपूर असते. सूर्यफुलाच्या गरात निम्मी तरी चरबी असते, तुमच्या पक्ष्यांना ती नको. रंगीत बिस्किटांचे तुकडे असलेली मिश्रणं, मध लावलेल्या कांड्या हेही बंद. त्यात रंग, साखर आणि किंमत वाढलेली असते, पोषण नाही. साधं मिश्रण पुरतं: राळा, वरी अशी बारीक धान्यं मिळून निम्म्याहून थोडी जास्त, कॅनरी सीड (एका गवताचं बी) एक तृतीयांशाच्या आसपास, उरलेले सोललेले ओट्स. कॅनरी सीडमध्ये बारीक धान्यांपेक्षा प्रथिनं जास्त असतात, पण ते महाग पडत असेल तर पाचवा हिस्सा ठेवा. ओट्स मात्र वाढवू नका, त्यांनी पक्षी लवकर सुटतात.

सुटं धान्य विकत घेताना दोन चुका होतात. एक, माणसांसाठी सडून पांढरं केलेलं धान्य घेणं. त्याचं साल आणि कोंडा निघालेला असतो, ते लवकर खवट होतं आणि त्याला मोडही येत नाहीत. पक्ष्यांना सालासकट धान्यच हवं. दुसरी चूक जिवावर बेतेल अशी: पेरणीचं बियाणं स्वस्त किंवा उरलेलं म्हणून घालणं. त्याला बुरशीनाशक, कीटकनाशक चोळलेलं असू शकतं, बरेचदा गुलाबी किंवा हिरवट रंगही दिलेला असतो. धुऊनही ते चालत नाही.

मोठी पिशवी घेतली तर स्वस्त पडते, पण टिकवता आली तरच. आणल्या आणल्या धान्य घट्ट बांधून तीन दिवस फ्रीझरमध्ये ठेवा, म्हणजे टोके आणि पतंगाच्या अळ्या मरतात. बाहेर काढल्यावर लगेच पिशवी उघडू नका. धान्य खोलीच्या तापमानाला येईपर्यंत बंदच राहू द्या, नाहीतर आत पाणी सुटून बुरशी धरते. मग घट्ट झाकणाच्या डब्यात, ओल आणि ऊन लागणार नाही अशा जागी. धान्य ताजं आहे का, ते कळायला वीस दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. चार-पाच दिवसांत सोळा-सतरा दाण्यांना मोड आले तर माल चांगला. निम्म्यांनाच आले तर पुढच्या वेळी दुसरीकडून घ्या. कुबट वास, जाळी किंवा बुरशीचा ठिपका दिसला तर ते धान्य फेकून द्यायचं. तिथे काटकसर करू नका, बुरशीचं विष यकृतावरच जातं.

याच धान्यातून तुम्हाला सगळ्यात स्वस्त ताजं खाणं मिळतं, ते म्हणजे मोड. चौघांसाठी रात्री दोन चहाचे चमचे धान्य धुऊन भिजत घाला. आठ-दहा तासांनी पाणी काढून चाळणीत नितळत ठेवा, वर ओलं फडकं, आणि दर सहा-आठ तासांनी वाहत्या पाण्याखाली धुवा. दीड-दोन दिवसांत टोकाला पांढरा ठिपका फुटतो. एक-दोन मिलिमीटर मोड दिसला की खायला तयार, लांब वाढू द्यायची गरज नाही. देण्याआधी शेवटचं धुवा, फडक्यावर पसरून वरचं पाणी टिपून घ्या आणि वास घ्या. ताज्या मोडांना कच्च्या गवतासारखा वास येतो. आंबूस किंवा चिकट वाटले तर सरळ टाकून द्या, कारण ओल्या धान्यात जंतू झपाट्यानं वाढतात. पिंजऱ्यात दोन तासांहून जास्त ठेवू नका. मोड आलेले मूग चालतात. राजम्यासारखी मोठी कडधान्यं कच्ची कधीच देऊ नका, आणि ज्वारी मोडांसाठी किंवा गवतासाठी वापरू नका. तिच्या कोवळ्या रोपांत सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं, ती गुरांनाही बाधतात.

गवतही याच धान्याचं. पसरट भांड्यात, खताशिवायच्या मातीत मूठभर धान्य पेरा. आठ-दहा दिवसांत बोटाएवढं गवत उगवतं, ते भांड्यासकट पिंजऱ्यात ठेवा. बजी जमिनीवर चरणारा पक्षी आहे, उंच टांगलेल्या वाटीपेक्षा तो अशा गवतात लवकर रमतो. माती ओलसर राहून तिच्यावर पांढरी बुरशी धरली असेल, तर ते भांडं देऊ नका.

भाज्यांसाठी वेगळा खर्च धरू नका. एका बजीला रोज चमचाभर बारीक चिरलेली भाजी पुष्कळ झाली, चौघांना चार चमचे. तुमच्यासाठी भाजी चिरताना, मीठ आणि तेल लागायच्या आधी, तेवढी बाजूला काढा. अ जीवनसत्त्वासाठी गाजर, लाल ढोबळी मिरची, लाल भोपळा, आणि गडद हिरवी पानं. आपण जे टाकून देतो त्यात तर खजिनाच असतो: फुलकोबीची पानं, गाजराचा पाला, मुळ्याचा पाला, ब्रोकोलीचे देठ. हे सगळं नीट धुऊन बजींना चालतं. कोथिंबीर त्यांना बहुधा आवडते. पालक आणि बिटाची पानं आठवड्यातून एखाद्या वेळीच द्या, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम अडवतं. काकडी चालते, पण ती बहुतेक पाणीच, तिला भाजीचा हिशेब समजू नका. फळ म्हणजे नखाएवढा तुकडा, आठवड्यातून दोन-तीनदा, आणि सफरचंदाच्या बिया काढून. अ‍ॅव्होकॅडो, चॉकलेट, चहा-कॉफी, दारू, कांदा, लसूण आणि खारवलेलं काहीही पूर्ण वर्ज्य. घरातलं शिजलेलं उरलंसुरलं त्यांना घालू नका, आपल्या चवीचं मीठ तीस ग्रॅमच्या जिवाला फार होतं.

'पण ते भाजी खातच नाहीत' असं तुम्ही म्हणाल. खरं तर ते भाजी नाकारत नाहीत, ती खायची वस्तू आहे हेच त्यांना ठाऊक नसतं. म्हणून दिवसाचा क्रम बदला. रात्री धान्याची वाटी काढून ठेवा. सकाळी त्यांना भूक असते तेव्हा पसरट ताटलीत बारीक चिरलेली ओली भाजी ठेवा आणि वर चिमूटभर धान्य भुरभुरा. दाणे टिपताना चोचीला भाजी लागते, चव कळते. तासा-दीड तासानं धान्याचा निम्मा वाटा द्या, उरलेला संध्याकाळी, झोपायच्या दोनेक तास आधी. दिवसभर उपाशी ठेवणं हा यातला भाग नाही. काही बजी ताटलीकडे ढुंकूनही पाहत नाहीत, पण पाण्यानं निथळणारी कोथिंबिरीची जुडी वरच्या दांडीजवळ अडकवली तर तिच्यात अंग घासून आंघोळ करतात, आणि पिसं साफ करता करता पानं कुरतडू लागतात. तीन-चार आठवडे रोज ठेवत राहा. एक खायला लागला की बाकीचे त्याचं पाहून येतात, चार पक्षी असण्याचा हा फायदाच.

पेलेट्सबद्दल. तुम्ही एकदम धान्य बंद केलं ही चूक झाली, पण ती सुधारता येण्यासारखी आहे. बजीच्या अंगात साठा फार थोडा असतो. दोन दिवस पोटात काही गेलं नाही तर त्याच्या जिवावर बेतू शकतं. पिशवी टाकू नका. तिच्यातली महिनाभराची पेलेट्स घट्ट डब्यात, बाकीची फ्रीझरमध्ये ठेवा. रोज अर्धा चमचा कुटून ओल्या भाजीवर भुरभुरा, आणि काही दिवसांनी धान्यातही नऊ भाग धान्याला एक भाग या मापानं मिसळा. पक्ष्यांची वजनं टिकली तर प्रमाण हळूहळू वाढवत न्या. चौथा हिस्सा पेलेट्सचा झाला तरी तुमच्या परिस्थितीत उत्तम, नुसत्या पेलेट्सवर आणायचा अट्टहास नको. पेलेट्सचा मोठा उपयोग आयोडीन आणि इतर सूक्ष्म घटकांसाठी आहे. ती कधीच खाल्ली नाहीत तर पक्ष्यांसाठीचा आयोडीनयुक्त खडा ठेवा, किंवा पक्ष्यांच्या डॉक्टरांनी सांगितलेली पूरक भुकटी ओल्या भाजीवर द्या. आयोडीनसाठी घरचं मीठ घालायचं नाही, आणि पेलेट्सऐवजी कोंबड्यांचं खाद्यही नाही. त्यात औषधं मिसळलेली असू शकतात आणि त्याचं प्रमाण झपाट्यानं वाढणाऱ्या पिल्लांसाठी ठरवलेलं असतं.

पाण्यात घालायचे जीवनसत्त्वांचे थेंब घेत असाल तर ते पैसे वाचवा. पाण्याची चव बदलते, पक्षी पाणी कमी पितात, त्यात जंतू वाढतात, आणि किती पोटात गेलं याचा हिशेब लागत नाही. वाळू किंवा खडीचीही बजीला गरज नाही. तो दाणा सोलून खातो, त्याला दळायला खडे लागत नाहीत, उलट जास्त खाल्ले तर अडकतात.

कॅल्शियमसाठी समुद्रफेस (माकुळाच्या अंगातलं पांढरं, हलकं हाड) पुरतो. मऊ बाजू पक्ष्यांकडे करून बांधा, एक तुकडा बरेच दिवस जातो. अंड्याचं कवचही चालतं: दहा मिनिटं उकळा, पूर्ण वाळवा, जाडसर कुटून वेगळ्या वाटीत ठेवा. उकडलेलं अंडं आठवड्यातून एकदा, प्रत्येकाला पाव चमचा, तास-दीड तासात उरलेलं काढून घ्यायचं. पिसं झडण्याच्या काळात दोनदा द्या. पण तुमच्याकडे माद्या आहेत. त्यांच्या नाकावरचा भाग गडद तपकिरी, खरबरीत झाला आणि त्या कोपरे धुंडाळू लागल्या तर अंडं आणि मोड काही दिवस थांबवा, पौष्टिक ओलं खाणं त्यांना अंडी घालायला उद्युक्त करतं. ड जीवनसत्त्वासाठी अधूनमधून कोवळं ऊन, तेही थेट. खिडकीच्या काचेतून ते किरण येत नाहीत. पिंजऱ्याचा निम्मा भाग सावलीत हवा आणि कुणीतरी जवळ हवं.

आता त्या रोडावलेल्या मादीबद्दल. तिला पेलेट्स बाधली असं धरून चालू नका. चार पक्षी एका वाटीवर असले की एखादा दांडगा बाकीच्यांना हुसकावतो, आणि खाणं तुटपुंजं झालं की सगळ्यात आधी दुबळी मादी मागे पडते. आता तुम्ही धान्य मोजून देणार आहात, म्हणून हे आधी सांभाळा: दोन वाट्या, दोन ताटल्या, एकमेकींपासून लांब. मग दहा मिनिटं शांत बसून तिच्या चोचीखाली बघा. फोलपट गळतंय का? काही आजारी पक्षी वाटीशी बसतात, दाणे उचलतात, चावल्यासारखं करतात आणि तसेच टाकतात. आपल्याला वाटतं, खातेय की.

स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा बाहेर काढा. छोटा डबा ठेवून काटा शून्यावर आणा, सकाळी खाण्याआधी एकेकीचं, एकेकाचं वजन घ्या आणि लिहा. बदल सुरू असेपर्यंत रोज, नंतर आठवड्यातून एकदा. पस्तीस ग्रॅमच्या पक्ष्याचे तीन-साडेतीन ग्रॅम गेले म्हणजे दहावा हिस्सा गेला. तेवढं घटलं तर नवे प्रयोग थांबवा, हवं तेवढं धान्य द्या आणि पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे न्या. विष्ठेत अख्खे दाणे दिसणं, काळी चिकट विष्ठा, खाल्लेलं पुन्हा पुन्हा उलटणं, बसल्या बसल्या शेपटी श्वासाबरोबर वरखाली होणं, यांतलं काहीही दिसलं तर वजनाची वाट पाहू नका, त्याच दिवशी न्या. भाजी सुरू झाल्यावर विष्ठा थोडी पातळ आणि हिरवट होणं मात्र नेहमीचं आहे.

धान्य निम्म्यावर आल्यावर जे पैसे वाचतील, ते आधी या तपासणीसाठी बाजूला ठेवा. आणि उद्या सकाळी पहिलं वजन तिचंच घ्या.